जुनी जीप घेताना: लोखंडाआधी कागद

सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर बीडच्या अलीकडे चौसाळा लागते. महामार्ग चौपदरी झाल्यापासून गाड्या वेगाने निघून जातात. पण हमरस्ता सोडून आतल्या वस्त्यांकडे वळले, की कुठे पत्र्याच्या शेडखाली, कुठे कडब्याच्या गंजीशेजारी एखादी जुनी जीप उभी दिसते. टायर बसलेले, टप फाटलेला, बॉनेटवर कोंबड्या. वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणी वळून पाहिलेले नसते. आता मात्र अशाच गाड्यांना शोधत हौशी मंडळी खेड्यापाड्यांतून फिरू लागली आहेत. भंगाराच्या भावाने जिची किंमत व्हायची, तिच्यासाठी दारात येऊन इसार दिला जातो.

‘अमेरिकन क्लासिक मोटार’ म्हटले, की डोळ्यांपुढे मुंबईच्या चौपाटीवरून संथपणे जाणारी लांबलचक शेव्हरोले किंवा डॉज येते. चौसाळ्याच्या वाट्याला ती मोटार आली नाही. पण अमेरिकेतच जन्मलेली दुसरी एक गाडी या मातीत इतकी मिसळून गेली, की तिचे परदेशीपण कोणाच्या ध्यानातही उरले नाही. ती म्हणजे जीप. मराठवाड्यापुरते बोलायचे, तर जुनी अमेरिकन मोटार विकत घेणे म्हणजे जुनी जीप विकत घेणे. हा व्यवहार आज वाटतो तितका साधा राहिलेला नाही. गाडी तीच आहे, तिच्याभोवतीचा कायदा मात्र गेल्या काही वर्षांत पार बदलला आहे. म्हणून आता लोखंड पाहण्याआधी कागद पाहावा लागतो.

या गाडीचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण सौद्यात त्याचाच सर्वाधिक गैरफायदा घेतला जातो. दुसऱ्या महायुद्धासाठी विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनविल्या. ८० इंचांचा चाकतळ, २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना जोर, असा तिचा घाट होता. युद्ध संपल्यावर मुंबईत १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून ‘महिंद्र अँड महिंद्र’ या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने विलीजच्या सुट्या भागांतून जीप जुळविण्याचे काम हाती घेतले. १९४९ साली माझगावात पहिली जीप उभी राहिली. पुढे उंच बॉनेटचे ‘सीजे-३बी’ हे मॉडेल आले आणि देशभर पसरले. त्याच मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून चालत होता, तो १९५४ मध्ये बंद झाला. फोर्डनेही त्याच सुमारास मुंबईतील गाशा गुंडाळला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात डॉज, प्लिमथ या मोटारी जुळविल्या गेल्या, त्यांचीही सद्दी पुढे संपली. अमेरिकी मोटारींची ही सारी पिढी मुंबईतच वाढली आणि मुंबईतच मावळली. खेड्यापर्यंत पोचली आणि टिकली ती एकटी जीप.

बीड जिल्ह्यात तर तिने रेल्वेचे काम केले. जिल्ह्याच्या ठिकाणी, बीड शहरात, प्रवासी रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोपर्यंतच्या काळात एसटी जिथे पोचत नव्हती, तिथे जीप पोचत होती. पंचायत समितीचा साहेब, लसीकरणाचे पथक, लग्नाचे वऱ्हाड, दवाखान्यात न्यायचा आजारी माणूस आणि काळी-पिवळी होऊन दाटीवाटीने नेलेले बाजारकरू, या सर्वांचे ओझे तिने वाहिले. असे ओझे वाहिलेली गाडी दिसायला कितीही ऐटबाज असली, तरी तिच्या अंगावर त्या कष्टांच्या खुणा असतातच. खरेदीदाराने शोधायच्या त्या याच खुणा.

चौसाळ्याच्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागू नये. नेकनूरच्या बाजारात बैल घेताना जो दात पाहतो, खुरे उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि पावतीशिवाय दावे हातात घेत नाही, त्याने जीप घेताना तीच शिस्त पाळावी, एवढेच.

पहिला प्रश्न: ही गाडी नेमकी कोण?

‘ओरिजिनल अमेरिकन, लढाईतली’ असे सांगून किंमत दुप्पट करण्याची युक्ती जुनी आहे. युद्धकाळातील जीपच्या पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात, तर त्यानंतरच्या नागरी जीपला सात. युद्धकाळातील विलीजच्या चॅसीची अगदी पुढची आडवी पट्टी गोल नळीची असते, फोर्डच्या जीपची तशी नसते. अमेरिकी सैन्यासाठी बनलेल्या जीपचे स्टिअरिंग डावीकडे होते. बॉनेट उंच आणि पुढचा चेहरा ताठ असेल, तर ती ‘३बी’ घराण्यातील आहे. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९६९ पासून बनलेली जोंगा ही तर मुळात जपानी निस्सानच्या परवान्यावरची गाडी. तिला अमेरिकन म्हणून विकणे ही शुद्ध फसवणूक होय. अर्थात जाळी बदलता येते, बॉनेट बदलता येते. म्हणून बाह्यरूपावरून अंदाज बांधावा, निर्णय घेऊ नये.

दुसरा प्रश्न: सांगाडा शाबूत आहे काय?

जीपचा पत्रा हा तिचा सदरा आहे, चॅसी ही तिची हाडे. पत्रा नवा ठोकून मिळतो. चॅसी गेली, तर गाडी गेली. म्हणून रंगाने भुलून न जाता गाडीखाली आडवे व्हावे. चॅसीच्या दोन्ही लांब पट्ट्या एका रेषेत आहेत काय, पाट्यांचे हँगर जिथे जोडलेले असतात तिथे तडे किंवा वेल्डिंगचे ठिगळ आहे काय, मागची आडवी पट्टी गंजून पापुद्रे सुटले आहेत काय, हे पाहावे. स्टिअरिंगचा डबा चॅसीला जिथे बसविलेला असतो, त्या जागेकडे विशेष लक्ष द्यावे. खराब रस्त्यांवर वर्षानुवर्षे चाललेल्या गाडीला तिथे चिरा पडण्याचा संभव असतो. ताजा काळा रंग फक्त एकाच जागी दिसला, तर तिथे काहीतरी झाकलेले आहे असे समजावे. पत्र्यासाठी साधा लोहचुंबक खिशात ठेवावा. जिथे तो चिकटत नाही, तिथे पत्रा नसून जाड लांबी भरलेली असते. पायाखालची फळी, बॅटरीची पेटी आणि चाकांवरचे मडगार्ड या जागा आधी सडतात.

तिसरा प्रश्न: यंत्र काय बोलते?

इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून दाखविण्याचा आग्रह धरावा. आपण पोचण्यापूर्वीच गाडी गरम करून ठेवलेली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा-पिस्टनचे काम निघणार. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जाते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि ऑइलचा रंग दुधाळ असेल, तर पाणी इंजिनात शिरते आहे. ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर तिथून भसाभसा वाफ-धूर आला, तर सिलिंडर झिजले असे धरावे.

मग गाडी चालवून पाहावी, आणि तीही डांबरी रस्त्यावर नव्हे, शेतरस्त्यावर. गिअर आपोआप निसटतो काय? जुन्या जीपमध्ये उतारावर दुसरा गिअर निसटणे ही परिचित व्याधी आहे. चारही चाकांचा जोर देणारा छोटा दांडा खरोखर काम करतो, की नुसताच हलतो? अनेक गाड्यांचा पुढचा शाफ्ट कधीच काढून ठेवलेला असतो. स्टिअरिंग किती फिरविल्यावर चाक वळते? पुढच्या चाकांच्या गोलाकार सांध्यांतून तेल गळते काय? ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते काय? या गाड्यांना चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असतात. आजच्या महामार्गावरील वेगासाठी ते घडविलेले नाहीत, हे घेणाऱ्याने मनाशी पक्के करावे.

एक नवी बाब. आता पंपांवर सर्वत्र वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांतील रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि बुचे या इंधनासाठी बनविलेली नाहीत. ते भाग बदलण्याचा खर्च किमतीतच धरावा. ज्या जिल्ह्यातील लाखो हात दरवर्षी ऊस तोडायला जातात, त्याच उसाचे इथेनॉल त्याच जिल्ह्यातील जुन्या जीपच्या नळ्या कुजविते, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

चौथा आणि निर्णायक प्रश्न: कागद कोणाच्या नावाचा?

इथपर्यंतचे दोष मिस्त्री दुरुस्त करू शकतो. यापुढचा दोष दुरुस्त होत नाही. चॅसीवर कोरलेला आणि इंजिनच्या ब्लॉकवर कोरलेला असे दोन्ही क्रमांक आरसी बुकाशी अक्षरन्‌अक्षर जुळले पाहिजेत. क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासावी, ठसा उमटतो. आकड्यांची उंची कमी-जास्त असेल, भोवती कानस फिरविल्याच्या खुणा असतील किंवा क्रमांकाचा तेवढाच तुकडा वेल्ड करून बसविलेला असेल, तर इसार देऊ नये. भंगारात गेलेल्या गाडीचा कागद आणि कुठून तरी आणलेली दुसरी गाडी यांचे लग्न लावून देण्याचे प्रकार या धंद्यात घडतात. अशा गाडीसाठी मोजलेले पैसे बुडतातच, वर पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते.

इंजिनचा मुद्दा अधिक नाजूक आहे. पेट्रोल परवडेना, म्हणून असंख्य जीपमधील मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसविले गेले. त्या काळी त्यात कोणाला गैर वाटले नाही. पण आरसी बुकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, अशी गाडी आज कायद्याच्या कचाट्यात सापडते. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम परवानगीविना असे बदल करू देत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल मान्य होणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने बेकायदा बदलांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. रुंद टायर, कापलेली चॅसी, बदललेले इंजिन अशी ‘सजविलेली’ जीप पाहून डोळे दिपतात. नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी तीच सजावट गळ्याशी येते.

याखेरीज बोजा आहे काय ते पाहावे. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असताना जमीन घेऊ नये, हे शेतकऱ्याला कळते. तसेच आरसीवरील वित्तसंस्थेचे नाव उतरविल्याशिवाय गाडी घेऊ नये. गाडी ‘एमएच-२३’ म्हणजे बीड पासिंगची नसेल, तर मूळ परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. परराज्यातील असेल, तर महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. खूप जुन्या गाड्यांची नोंद संगणकावर चढलेली नसते. ती चढली आहे काय, याची खातरजमा विकणाऱ्यानेच आधी करून द्यावी, अशी अट घालावी. सरकारी लिलावातील गाडी म्हणून सांगितले जात असेल, तर लिलावाचे मूळ कागद मागावेत. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे उलटलेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही, त्या मोडीतच जातात. तेव्हा ‘पंचायत समितीच्या लिलावातून परवाच सुटली’ हे वाक्य आता संशयानेच ऐकावे.

किंमत आणि खर्च यांतील फरक

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. हे शुल्क २०२२ पूर्वी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५ हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, दिल्लीचा राजधानी परिसर वगळता, वीस वर्षांवरील मोटारींसाठी १० हजार करण्यात आले. परदेशातून आयात झालेल्या मोटारीला तर ८० हजार. खेरीज पर्यावरण कर, विमा आणि सुरक्षित नंबरपाटी. नूतनीकरणाला विलंब झाल्यास मोटारीला दरमहा ५०० रुपयांचे जादा शुल्क २०२२ च्या नियमांत आहे. शेडमध्ये तीन वर्षे विनानोंद उभ्या असलेल्या जीपवर केवळ विलंबापोटी १८ हजार रुपये चढलेले असू शकतात. हा हिशेब सौद्याच्या वेळी कोणी उच्चारत नाही. तो घेणाऱ्याने स्वतः मांडावा आणि किमतीतून वजा करून मागावा.

‘विंटेज म्हणून नोंदवू’ असे सहजपणे म्हटले जाते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने त्यासाठी स्वतंत्र नियम केले, हे खरे आहे. पण त्यातील अटी नीट वाचाव्यात. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली असावीत आणि चॅसी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरणाला ५ हजार. क्रमांकात ‘व्हीए’ ही खूण मिळते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज फेरी, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच तिला मोकळीक आहे. म्हणजे शेतावर जाण्यासाठी जीप हवी असणाऱ्याला हा मार्ग उपयोगाचा नाही.

विकणारा अधिक धोक्यात

आतापर्यंतचे विवेचन घेणाऱ्याच्या बाजूने झाले. पण चौसाळ्यासारख्या गावातील माणूस या व्यवहारात बहुधा विकणारा असतो, आणि खरा धोका त्यालाच अधिक असतो. दलाल येतो, रोख रक्कम मोजतो, कोऱ्या अर्जांवर सह्या घेतो आणि गाडी ओढून नेतो. यालाच ‘ओपन लेटरवर विकणे’ म्हणतात. शंभर-पाचशेच्या बाँडवर नोटरी केली, की आपली जबाबदारी संपली, असा सर्वत्र समज आहे. तो चुकीचा आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव आहे, तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणातील गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, २००९ मध्ये तिच्याखाली सापडून एका मुलाचा जीव गेला आणि भरपाईची जबाबदारी आली ती कित्येक हात मागे राहिलेल्या नोंदणीकृत मालकावर.

याचा अर्थ उघड आहे. चौसाळ्याच्या शेतकऱ्याने विकलेली जीप उद्या कोणा अनोळखी गावी, विम्याशिवाय, कोणाच्या अंगावर गेली, तर नुकसानभरपाईची नोटीस त्या शेतकऱ्याच्या दारी येईल. जीपचे पन्नास हजार आले आणि त्यापायी दोन एकर जमीन गेली, असे घडू शकते. म्हणून विकणाऱ्याने कोऱ्या अर्जावर सही करू नये. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख भरल्यावरच करावी. विक्रीची सूचना राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यावी, त्याची पोच जपून ठेवावी. घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव चढवून घ्यावे आणि तोपर्यंत रकमेचा काही भाग राखून ठेवावा, असे ठरविणे दोघांच्याही हिताचे आहे.

धोरणातील फट

या साऱ्यातून एक मोठा प्रश्न उभा राहतो. आपले धोरण जुन्या गाडीकडे दोनच दृष्टींनी पाहते: एक तर ती संग्राहकाच्या दिवाणखान्याची शोभा, नाही तर भंगार. ज्याच्याकडे पैसा आहे, त्याच्या जुन्या मोटारीसाठी वेगळी मालिका आहे. शेतकऱ्याच्या जीपमध्ये मात्र तीस वर्षांपूर्वी डिझेल इंजिन बसलेले असते. त्यामुळे ती विंटेजही ठरत नाही आणि नियमित नोंदणीतही बसत नाही. कायद्याच्या बाहेर ढकललेली गाडी रस्त्यावरून नाहीशी होत नाही. ती विनाकागद, विनाविमा आडरस्त्यांनी फिरत राहते. त्यात नुकसान होते ते तिच्यासमोर येणाऱ्या निरपराध माणसाचे.

याची दुसरी बाजूही नजरेआड करता येणार नाही. या गाड्यांना सुरक्षेची आधुनिक साधने नाहीत, त्यांचा धूर अधिक आहे, आणि बदललेल्या इंजिनांच्या आडून चोरीच्या गाड्या खपविल्या जातात, हेही खरे आहे. तेव्हा सरसकट माफी नको. पण तालुक्याच्या ठिकाणी जुन्या गाड्यांसाठी परिवहन विभागाने शिबिरे घ्यावीत, क्रमांकांची न्यायवैद्यक तपासणी व्हावी, ज्यांची मालकी स्वच्छ आहे आणि जी गाडी ब्रेक-धुराच्या कसोटीला उतरते, तिची बदललेल्या इंजिनासह एकदाच नोंद करून घ्यावी आणि विलंबशुल्कात सवलत द्यावी. उरलेल्या गाड्या योग्य मोबदला देऊन मोडीत काढाव्यात. असे केल्यास दप्तरही स्वच्छ होईल आणि दलालांच्या ओपन लेटरचा बाजारही आटोक्यात येईल.

तोपर्यंत शहाणपण दोन्ही पक्षांनीच दाखवायचे आहे. जीपचे इंजिन पुन्हा बांधता येते, पत्रा पुन्हा ठोकता येतो, टप नवा शिवता येतो. दुसऱ्याच्या नावावरचा कागद मात्र कोणताही मिस्त्री दुरुस्त करू शकत नाही. बाजारात पावतीशिवाय दावे न सोडणाऱ्या आणि पावतीशिवाय दावे हाती न घेणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे पुरते ठाऊक होते.